कादंबरीचा पंचनामा

आष्टीला मी ज्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, ते आप्पा तलाठी म्हणून रिटायर झाले होते. पण हे त्यांना कोणी नीट कळवलेलं नसावं. घरात काहीही बदलायचं झालं की ते आधी नोटीस काढत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी भिंतीवर कागद चिकटलेला दिसे : ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, गच्चीवरील वाळवणाची जागा पूर्वेकडून पश्चिमेकडे हलविण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.’ संबंधित म्हणजे मी आणि आप्पांच्या पत्नी, काकू. काकू लेखी काही कळवत नसत. त्या स्वयंपाकघरातून तोंडी कळवत आणि नोटीस त्याच दिवशी भिंतीवरून उतरत असे.

मी तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. खोली बघायला गेले तेव्हा आप्पांनी मला अंगणात खुर्चीवर बसवून माझी माहिती लिहून घेतली. गाव, तालुका, वडिलांचं नाव, भाऊ किती, बहिणी किती, त्यातल्या लग्न झालेल्या किती. ‘इंग्रजी शिकवते’ म्हटल्यावर मात्र त्यांचा पेन थांबला.

“इंग्रजी म्हंजे ग्रामर का कादंबरी?”

“दोन्ही.”

“मंग खोली दिली,” ते म्हणाले. खोली मी अजून पाहिलीही नव्हती.

कारण आठवड्याभरात कळलं. आप्पा बाहेरून एम. ए. करत होते, इंग्रजी घेऊन. नोकरीत असताना जुने कागद वाचता यावेत म्हणून ते मोडी शिकले होते. निजामाच्या काळातलं उर्दू दप्तर वाचता यावं म्हणून परतूरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे दोन वर्षं दर शुक्रवारी जाऊन उर्दूही शिकले होते. “आता एवढी इंग्रजीच राह्यली,” ते म्हणायचे. बांधावरचा एखादा कोपरा मोजायचा राहून गेल्यासारखं म्हणायचे.

अभ्यासाला एक व्हिक्टोरियन कादंबरी होती, सहाशे चाळीस पानांची. आप्पांनी ती लाल कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवली होती. रोज सकाळी चहा झाला की बस्ता सोडायचा, निळ्या-लाल पेन्सिलीनं वाचायचं, आणि अकराला बस्ता बांधायचा. अकरानंतर कादंबरीत आग लागली असती तरी ते पान उलटणार नव्हते. इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्या सोयीची नावं दिली होती. इस्टेटीचा मयत मालक तो ‘मूळ पुरुष’. त्याचा मुलगा ‘धाकला’, मुलगी ‘थोरली’. शिवाय एक वकील, एक आत्या आणि एक बायको वारलेला पाद्री. गोष्ट साधी होती. बाप मरतो, थोरली एक चिठ्ठी लिहून आपला वाटा धाकट्या भावाला देऊन टाकते, पुढे पाचशे पानं ती लोकांच्या घरी पोरं शिकवून दिवस काढते, आणि शेवटी पाद्र्याशी तिचं लग्न लागून सगळं गोड होतं.

सुरुवातीला शंका शब्दांच्या असत. एकदा ते पुस्तक घेऊन वर आले. “म्याडम, हे लोक जेवण झालं की ड्रॉइंग रूममदी जातेत. ऐंशी पानं झाली, एकानं बी नकाशा काढला न्हाई.” मी सांगितलं की ती बैठकीची खोली. त्यांनी ते लिहून घेतलं, पण तोंडावरून पटलेलं दिसलं नाही.

मग निबंधाचा विषय आला : कादंबरीतल्या नायिकेच्या एका निर्णयाचं विश्लेषण. निबंधाआधी त्याचा आराखडा जालन्याच्या अभ्यासकेंद्रातल्या सरांकडून मंजूर करून घ्यायचा होता. आराखडा एका पानाचा हवा होता. आप्पांनी आधी मराठीत लिहून, मग इंग्रजी करून एकतीस पानांचा केला. पहिल्या पानावर इस्टेटीच्या चतुःसीमा, दुसऱ्यावर वंशावळ. पुढे घरातल्या खोल्या, नोकर, जनावरं. सतराव्या पानावर त्यांनी लाल पेन्सिलीनं शेरा मारला होता : ‘पान ८३ वर तबेल्यात घोडे दोन. पान ३१० वर घोडे तीन. मधल्या काळात खरेदीची नोंद आढळत नाही.’

“आप्पा, हे निबंधात नको,” मी म्हणाले.

“तिसरा घोडा आला कुठून मंग?”

“लेखक विसरला असेल.”

“सहाशे पानं लिहिणारा माणूस घोडा इसरंल?”

सरांनी आराखडा परत पाठवला. खाली एकच ओळ होती : ‘यात तुमचे म्हणणे काय?’

आप्पा तो कागद हातात घेऊन बराच वेळ अंगणात फिरले. मी त्यांना समजावलं की विश्लेषणाच्या निबंधात एक वाक्य लागतं, आपलं स्वतःचं. बाकीचा निबंध त्या वाक्याच्या मागे उभा राहतो.

“माझं म्हणणं?”

“तुमचं.”

“म्याडम, उभी नोकरी मी लोकाचं म्हणणं लिहून घेतलं. माझं म्हणणं कुणी इचारलं न्हाई, आन मी सांगितलं असतं तर सस्पेंड झालो असतो.”

तरी त्यांनी प्रयत्न केला. दोन दिवसांनी वाक्य आणलं : ‘सदर कादंबरीत एकूण एकोणीस पात्रे असून पैकी चार मयत आहेत.’

“ही माहिती झाली, आप्पा. म्हणणं नाही झालं.”

“पण याला कुणाचीच हरकत येणार न्हाई. मी मोजलेत.”

“म्हणूनच ते म्हणणं नाही. ज्याला कुणी तरी हरकत घेऊ शकतं, ते म्हणणं.”

हे त्यांना कुठेतरी लागलं. त्यांनी सबंध आयुष्य हरकती मागवल्या होत्या, पण ज्यावर हरकत येईल असं स्वतः काही बोलले नव्हते. दुसरा आराखडा गेला, परत आला. तिसरा गेला, तोही परत आला. काकू म्हणाल्या, “एवढ्यात दोन शेतं मोजून झाली असती.”

एका रविवारी सकाळी ते पुन्हा वर आले. पुस्तक उघडं, बोट ओळीवर. “म्याडम, मूळ पुरुषाचं मृत्युपत्र एकच हाये ना? वकिलाकडचं?”

“हो.”

“मंग हे दुसरं कुठून आलं? थोरली चिठ्ठीत लिहिते, माझ्या स्वतःच्या फ्री विलनं मी हे देऊन राह्यले. तिला फुकट मृत्युपत्र कुणी करून दिलं?”

मला हसू आवरेना. तेही थोडे हसले. मी म्हणाले, “विल म्हणजे इथे मृत्युपत्र नाही, आप्पा. इच्छा. फ्री विल म्हणजे... आपल्याकडे कागदात लिहितात ना, स्वखुशीने.”

आप्पांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग पुस्तक मिटलं. “हा तर माझा शब्द हाये,” ते म्हणाले आणि खाली गेले. शंका फिटली की ते ‘बराबर’ म्हणत; या वेळी म्हटलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुपारी मी पाणी भरायला खाली उतरले तर अंगणात जबाब चालला होता. काकू सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या आणि आप्पा समोर खुर्ची टाकून, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसले होते. कादंबरी काकूंनी वाचलेली नव्हती, पण सहा महिने ती रोज ऐकली होती.

“तुम्ही थोरली हायेत असं समजा,” आप्पा म्हणाले. “नाव?”

“तिचं नाव मला बोलता येत न्हाई. जल्दी काय ते इचारा, मला डाळ शिजायला टाकायचीय.”

“सदर चिठ्ठीवर सही तुमचीच का?”

“माझीच.”

“ती तुम्ही स्वखुशीनं केली का?”

काकूंनी सूप खाली ठेवलं. “भावानं कागद म्होरं ठेवल्यावर कोण बाई न्हाई म्हणंल? न्हाई म्हणलं तर माहेरी कुणाच्या दारात जावं तिनं?”

“होय का न्हाई, एवढंच सांगा. तसा रकाना हाये.”

“तुमचा रकाना चुकलाय,” काकू म्हणाल्या. मग सूप उचलत, डाळीकडे बघत, अगदी सहज म्हणाल्या, “मी बी केल्ती ना सही, माहेरच्या, केदारखेड्याच्या रानाची. कागद तुम्हीच लिहिल्ता माह्या भावाला. अक्षर छान आल्तं म्हणून चार जणांला दाखवून आल्ते.”

आप्पांनी पेनचं टोपण लावलं. जबाब अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर काढलेली होती. त्यांच्या हातात एक जुना स्टॅम्प पेपर होता. वडील वारल्यावर आप्पांच्या एकुलत्या एक बहिणीनं, शहागडला दिलेल्या आक्कांनी, जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडला होता. त्याचं ते हक्कसोडपत्र. मजकूर आप्पांनी स्वतः लिहिला होता.

“माझ्या जिंदगीतला सगळ्यात साफ कागद हाये हा,” ते म्हणाले. “एक खाडाखोड न्हाई. आमचे साहेब नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवायचे.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. तीन ठिकाणी निळी रेघ होती, ताजी. “स्वखुशीने तीनदा लिहिलंय. तीनदा कामून लिहिलं असंल, म्याडम?”

मी तिन्ही रेघा पुन्हा मोजल्या.

“एकदा लिहून भागतं. दुसऱ्याच्या कागदात तीनदा दिसलं असतं तर मी जागच्या जागी पकडलं असतं.”

त्या संध्याकाळी चौथा आराखडा तयार झाला. तो एका पानाचा होता, आणि वर एक वाक्य होतं : ‘नायिकेने हक्क सोडला, कारण तिला भाऊ सोडायचा नव्हता, आणि लेखकाने हे माहीत असून शेवट गोड केला.’ खाली तीन मुद्दे, पानांचे आकडे आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात तिसरा घोडा. सरांनी तो मंजूर केला.

मला वाटलं, प्रकरण संपलं. आप्पांनाही तसंच वाटत होतं. ते निबंध लिहायला बसले, आठ दिवसांत दोनदा पक्का केला. पण जेवायला बसलं की काकू विचारायच्या, “झाला का न्याय देऊन इंग्लंडच्या बाईला?” पहिल्यांदा आप्पा ‘होय’ म्हणाले. दुसऱ्यांदा नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या खाली ठेवून माझ्याकडे वळले, “म्याडम, तुम्हाला शनिवारी तास हायेत का?”

“नाहीत. का?”

“शहागडला जायचंय. कादंबरीबद्दल काही इचारलं तर माणूस पायजे सोबत.”

दोन एसट्या बदलून आम्ही गेलो. आप्पांच्या मांडीवर लाल बस्ता होता. आक्कांचं घर हायवेच्या मागच्या बाजूला. ओट्यावर बसलं की थांबलेल्या ट्रकांच्या रांगेच्या फटीतून रस्ता दिसतो. आक्का आप्पांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, उंच, हाडापेरानं मजबूत. भावाला अवेळी आलेला बघून त्यांनी आधी विचारलं, “घरी बराबर हाये ना सगळं?” आणि उत्तराची वाट न बघता धपाटे करायला घेतले.

मला वाटलं आप्पा मुद्द्यावर येतील. त्यांनी बस्ता सोडला आणि कादंबरी सांगायला सुरुवात केली. मूळ पुरुषापासून. चतुःसीमांसकट. बाहेर एक ट्रक सुरू होई, त्यांचा आवाज बुडे, मग तो ट्रक जाईपर्यंत ते थांबत आणि राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करत. दीड तास झाला. आम्ही प्रत्येकी चार धपाटे खाल्ले. आक्का तव्यापुढून सगळं ऐकत होत्या. मधे फक्त एकदा म्हणाल्या, “आत्या चांगली न्हाई वाटत.” आणि शेवटी विचारलं, “मंग लग्न कुणाशी लागलं म्हणलास?”

“पाद्र्याशी. पहिली बायको वारलेली.”

“म्हंजे लिहिणाऱ्याला पुढचं काही सुचलं न्हाई,” आक्का म्हणाल्या.

मग आप्पांनी पुस्तक मिटलं आणि खाली बघत, नोटीस वाचावी तसे म्हणाले, “आक्का, तुझा जमिनीतला वाटा मी तुला परत करायचं ठरवलंय.”

मी डोळे पुसायच्या तयारीत होते. आक्कांनी तव्याखालचा जाळ कमी केला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “मोसंबीचा तुकडा दे.”

“आं?”

“ओढ्याकडचा, मोसंबीचा. वरचं माळरान मला नको.”

“अगं, ती झाडं मी लावलीत. ड्रिप केलंय तिथं.”

“चांगलं केलंस.”

“वरच्या रानाला बी पुढच्या साली पाणी—”

“मंग वरचं तू ठेव,” आक्का म्हणाल्या. “तुला इतक्या वर्षांनी कादंबरी वाचून कळलं. मला तर सही केली त्याच दिवशी कळल्तं. कोणता तुकडा मागायचा हे मी तवाच ठरवून ठेवल्तं, फक्त तू इचारायचा राह्यला होता.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. या ठिकाणी कादंबरीतलं काही सांगून मला मदत करता येण्यासारखी नव्हती.

परतीच्या एसटीत बस्ता पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. तीर्थपुरीला गाडी थांबली, तेव्हा बोलले. “म्याडम, ही थोरलीसारखी बिलकुल न्हाई.”

“ते बरंच झालं ना आप्पा.”

“बरंच झालं,” ते म्हणाले. “पण मोसंबी गेली.”

घरी आल्यावर काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. मोसंबीचं काकूंनाही लागलं, कारण त्या झाडांना पहिली तीन वर्षं त्यांनी घागरीनं पाणी घातलं होतं. मग म्हणाल्या, “तिनं माळरान मागितलं असतं तर तुम्ही गावभर सांगत हिंडला असता. द्या आता.”

पुढचा महिना आप्पांनी कागदपत्रात काढला. त्यांचा सगळ्यात सुखाचा महिना असेल तो. सोडलेला हक्क तसाच परत करता येत नाही, म्हणून बक्षीसपत्र करायचं ठरलं. नोंदणीच्या दिवशी मीही गेले. आक्का नवं लुगडं नेसून आल्या होत्या, चष्मा सोबत होता. सहीच्या आधी त्यांनी मथळा वाचला आणि पेन खाली ठेवला.

“बक्षीस कशाचं? माझंच मला?”

आप्पांनी अर्धा तास कायदा समजावला. नमुना असाच असतो, शब्द बदलता येत नाही, सरकारला अर्थाशी मतलब असतो, वगैरे. आक्का बाकावर बसून राहिल्या. मागे लोक खोळंबले. शेवटी आप्पा कागद लिहिणाऱ्याकडे गेले. म्हणाले, “मथळा राहू द्या. आतमदी एक वाक्य वाढवा. सदर जमिनीत बहिणीचा वाटा मूळचाच असून भावाने तो देण्यास उशीर केला आहे.”

तो म्हणाला, “आप्पा, हे लागत नाही यात. तुम्हाला तर माहीत आहे.”

“लागत न्हाई. पण लिहा. ते माझं म्हणणं हाये.”

त्यानं लिहिलं. आक्कांनी वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली. सही करताना त्यांनी मथळ्यावर डावा हात ठेवून तो झाकला होता.

निबंधाला आप्पांना वीसपैकी बारा मार्क पडले. सरांचा शेरा होता : ‘मुद्दा स्वतंत्र व ठाम. घोड्यांचा उल्लेख अनावश्यक.’ आप्पांनी घोड्याबद्दल हरकतीचा अर्ज केला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात मला परभणीला नोकरी लागली आणि मी आष्टी सोडली. एम. ए. मात्र ते झाले. पेढे घेऊन कॉलेजात गेले आणि माझ्या जागी आलेल्या मुलीची माहिती लिहून घेऊन आले, असं काकूंनी कळवलं.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागे बराच गलका होता.

“म्याडम, मोरपंखी रंग म्हंजे निळा का हिरवा?”

“मधला. का हो?”

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. आक्का लग्न होऊन शहागडला गेल्यापासून ते त्यांना दर भाऊबीजेला लुगडं नेत आले. काकू निवडायच्या, ते नेऊन द्यायचे, आक्का कपाळाला लावायच्या आणि ट्रंकेत ठेवायच्या. या वर्षी आक्कांनी घडी मोडली, दारात उजेडात जाऊन धरून बघितली आणि म्हणाल्या, “हा रंग मला कधीच आवडला न्हाई. दुसरं घेऊ.” काल मुक्काम पडला. आज सकाळपासून ते दोघं शहागडच्या दुकानात होते.

“इतकी वर्षं एका शब्दानं बोलली न्हाई,” आप्पा म्हणाले. “आन आज तिसरा गठ्ठा सोडायला लावून राह्यली. दुकानदारानं दोनदा चहा पाजला.”

ते रागावले होते का, हे आवाजावरून नीट कळेना. मी काही विचारणार, एवढ्यात मागून आक्कांचा आवाज आला, “ते न्हाई, त्याच्या खालचं काढा.” दुकानदार म्हणाला असावा की ते महागातलं आहे, किंवा वेगळंच काही. मला ऐकू आलं नाही. आप्पांचं ऐकू आलं. फोन कानाला तसाच ठेवून ते त्याला म्हणत होते, “ती म्हणते तेच काढा.”